आई उन्हात राबली, मग ‘ड’ कमी कसं?

(नाशिकमध्ये गंगापूर रोडवरच्या एका सभागृहात ज्येष्ठ नागरिकांसमोर मे महिन्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. रुग्णांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मंडळी, नमस्कार. पंखे फिरतायत तरी वारा लागत नाहीये, म्हणून थेट विषयावर येते.

निफाडकडच्या एक बाई आमच्या आयसीयूत होत्या. साठीच्या आसपास वय. न्यूमोनिया, जंतुसंसर्ग रक्तात पसरलेला, व्हेंटिलेटरवर. चौथ्या दिवशी ‘ड’ जीवनसत्त्वाचा रिपोर्ट आला. नऊ. साधारणपणे वीस नॅनोग्रॅमच्या खाली कमतरता आणि बाराच्या खाली तीव्र कमतरता धरतात. संध्याकाळी भेटीच्या वेळेला त्यांचा मुलगा मोबाइलवर तो रिपोर्ट उघडून दारात उभा. ‘मॅडम, आई आयुष्यभर बागेत राबली. तिचा जन्म उन्हात गेला. तिचं ड कमी कसं? आणि कमीच आहे, तर इंजेक्शन द्या ना. आजच द्या.’

त्या दिवशी दारात उभ्या उभ्या त्याला नीट सांगता आलं नाही. आत दुसऱ्या पेशंटचा रक्तदाब पडत होता. ते आज सांगते.

आधी ऊन. आपल्या कातडीत कोलेस्टेरॉलच्या नात्यातलाच एक पदार्थ असतो. उन्हातले अतिनील-ब किरण त्याच्यावर पडले की त्यापासून ‘ड’ तयार होतं. पुढे यकृत त्याच्यावर एक प्रक्रिया करतं, मूत्रपिंड दुसरी करतं, तेव्हा कुठे ते कामाला लागतं. म्हणजे ऊन अंगावर पडायला हवं आणि ते विशिष्ट ऊन हवं. आता द्राक्षबाग आठवा. मांडवाखाली सावली असते. विरळणीला, डिपिंगला (घड औषधात बुडवायला) बायका त्या सावलीत काम करतात. साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला आणि तोंडाला स्कार्फ. औषधाची फवारणी चालू असते, काट्याकुट्याचं काम असतं, अंग झाकणं भागच आहे. या बाई दिवसभर शेतात असायच्या, पण ऊन लागायचं फक्त बोटांना. त्यात आपली कातडी सावळी, तिला तेवढंच ‘ड’ बनवायला जास्त वेळ ऊन लागतं. आणि जेवणातून फारसं येत नाही. चरबी असलेले मासे आणि थोडंफार अंड्याचा पिवळा बलक सोडला, तर आपल्या ताटात ‘ड’ जवळजवळ नसतंच. मुलाच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे झालं.

उरलेलं अर्धं आयसीयूच्या आत आहे, आणि ते सहसा कुणी सांगत नाही.

बाई दाखल झाल्या तेव्हा रक्तदाब नव्हताच म्हणा ना. पहिल्या काही तासांत आम्ही तीन-चार लिटर सलाईन चढवलं. रक्त तेवढं पातळ झालं, आणि पातळ रक्तात काहीही मोजा, कमीच येणार. हृदयाच्या ऑपरेशनमध्ये पेशंटला बायपास मशीनवर घेतलं की लगेच ‘ड’चा आकडा खाली येतो आणि नंतर सावरतो, हे मोजलेलं आहे. दुसरी गोष्ट अशी की हे जीवनसत्त्व रक्तात एका प्रथिनाच्या पाठीवर बसून फिरतं. मोठ्या आजारात ते प्रथिन घटतं, अल्ब्युमिन हे रक्तातलं दुसरं प्रथिनही घटतं. बसायला पाठच नसेल तर एकूण आकडा पडतो. तिसरी गोष्ट म्हणजे दाह, आजारात किंवा ऑपरेशननंतर शरीरात उठणारी सूज. गुडघेबदलाचं ऑपरेशन झालेल्या लोकांचं ‘ड’ दोन दिवसांत चांगलंच खाली आलेलं दिसलं आहे. ती माणसं आदल्या आठवड्यात होती तशीच होती, त्यांचा साठा दोन दिवसांत कुठे पळाला नव्हता. ‘ड’चा साठा निम्म्यावर यायला एरवी दोन-तीन आठवडे लागतात. म्हणजे आयसीयूला खिडकी नाही, ऊन नाही, म्हणून चार दिवसांत ‘ड’ संपलं, हेही खरं नव्हे.

तर त्या नऊमध्ये मांडवाखालची अनेक वर्षं होती, सलाईन होतं आणि खुद्द आजारही होता. त्यातलं किती कशाचं, हे चौथ्या दिवशी कुणालाच वेगळं काढता येत नाही. म्हणून चौथ्या दिवशीच्या आकड्यावर मी फार विसंबत नाही. खूप आजारी माणसाचा आकडा खूप कमी येतो, आणि खूप आजारी माणसंच जास्त दगावतात. या दोन्ही गोष्टी हातात हात घालून चालतात म्हणून एकीमुळे दुसरी होते असं वाटायला लागतं.

आता इंजेक्शन. ‘कमी आहे तर भरून काढा’ हे मुलाचं म्हणणं अगदी साधं, आणि जगभरच्या डॉक्टरांनाही तसंच वाटलं. ऑस्ट्रियात ग्राझला चारशे-पाचशे पेशंटवर चाचणी झाली, २०१४ साली ती प्रसिद्ध झाली. निम्म्यांना तोंडाने किंवा नाकातल्या नळीतून ५,४०,००० युनिट आणि पुढे दर महिन्याला ९०,०००, बाकीच्यांना दिसायला तसंच पण बिनऔषधाचं. हॉस्पिटलमधला मुक्काम काही कमी झाला नाही. पण ज्यांचं ‘ड’ बारा किंवा त्याहून कमी होतं अशा दोनशे जणांत हॉस्पिटलमधले मृत्यू ४६ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर आलेले दिसले. मी तो लेख वाचला तेव्हा मला झोप लागली नव्हती. शंभरातली सतरा माणसं, आणि औषध इतकं स्वस्त! पण तो मुख्य निष्कर्ष नव्हता. मोठ्या गटात फरक न दिसल्यावर आत डोकावून पाहिलेला तो लहान गट होता. असे गट कधी खरं सांगतात, कधी फसवतात.

मग अमेरिकेत ४४ हॉस्पिटलांनी मिळून व्हायोलेट नावाची चाचणी केली. हजाराहून जास्त कमतरता असलेले पेशंट, तोच ५,४०,०००चा एकच डोस, तोही दाखल झाल्यावर लवकरात लवकर. रक्तातला आकडा झपाट्याने वाढला. नव्वद दिवसांतले मृत्यू ‘ड’ दिलेल्यांत २३.५ टक्के, न दिलेल्यांत २०.६. काही फायदा दिसण्याची शक्यता नाही म्हणून चाचणी मध्येच थांबवावी लागली. २०१९ साली हे जाहीर झालं.

आकडा वाढला आणि माणूस वाचला नाही. हे ऐकायला कठोर वाटतं, पण मला यातूनच सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. ‘ड’ आधी कामाला लागायला हवं, त्याला यकृत, मूत्रपिंड, पेशी सगळे धड हवेत. पेटलेल्या घरात पाण्याची टाकी भरून ठेवण्यासारखं आहे ते. नळच वितळलेत. तीव्र कमतरतेचा प्रश्न मात्र अजून बंद झालेला नाही. बारा आणि त्याखालच्या पेशंटसाठी युरोपात २४०० जणांची व्हिटडालाईझ ही चाचणी हाती घेतली गेली. युरोपातली पोषणाची मार्गदर्शक तत्त्वंही फार कमी पातळी मोजली गेली असेल तर पाच लाख युनिटांचा एक डोस देता येईल म्हणतात. म्हणून कुठल्या डॉक्टरांनी तो दिला तर ते चुकले असं मी म्हणणार नाही. पण या डोसने आई आयसीयूतून लवकर बाहेर येईल, असं मी त्या मुलाला सांगितलं असतं तर ते खोटं ठरलं असतं.

एका परिस्थितीत मात्र मी ‘ड’ द्यायला थांबत नाही. एक आजी आल्या होत्या, सारख्या चिडचिड करायच्या, हातापायाला मुंग्या. आमच्या सिस्टर रक्तदाबाचा पट्टा फुगवत होत्या, आणि पट्टा घट्ट झाला तसा आजींचा पंजा मनगटात आत वळायला लागला, बोटं सरळ आणि एकमेकींना चिकटलेली, अंगठा तळव्यात. सिस्टरनी हाक मारली. कॅल्शियम तपासलं, फार खाली होतं. मॅग्नेशियमही कमी, आणि ‘ड’ तर नावालाच. अशा वेळी हृदयाचे ठोके बिघडू शकतात. शिरेतून कॅल्शियम, मॅग्नेशियम, पाठोपाठ ‘ड’. दुसऱ्या दिवशी पट्टा फुगवला तर हात शांत होता. इथे ‘ड’ हवंच होतं, आणि ते सांगणारी गोष्ट रिपोर्टआधी त्या सिस्टरनी पाहिली होती.

उलट बाजूही सांगायला हवी. ‘ड’ची ६०,००० युनिटांची पुडी आठवड्यातून एक घ्यायची असते. ती रोज एक घेणारे गृहस्थ मी पाहिलेत. चिठ्ठीवरचं ‘आठवड्याला’ कुणी समजावून सांगितलं नव्हतं. उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी लघवी, मग भ्रम. रक्तातलं कॅल्शियम चढलेलं आणि मूत्रपिंडं दमलेली. ‘ड’ चरबीत साठतं, आज बंद केलं की उद्या उतरलं असं होत नाही. ‘व्हिटॅमिनच तर आहे’ हे वाक्य मला आवडत नाही ते म्हणून.

निफाडच्या बाई तेराव्या दिवशी व्हेंटिलेटरवरून निघाल्या. अँटिबायोटिक, वेळेवर दिलेला ऑक्सिजन, रोज कूस बदलणाऱ्या मावशी, आणि त्यांचा स्वतःचा काटकपणा. दोन महिन्यांनी ओपीडीत आल्या तेव्हा पुन्हा तपासलं. तेरा. म्हणजे नऊमधला काही भाग आजाराचा होता आणि उरलेली कमतरता खरीच होती. आता ती भरून काढायला अर्थ होता. पायऱ्या चढताना मांड्यांत जोर नव्हता, उठताना हाताने रेटा द्यावा लागायचा.

मुलगा म्हणाला, ‘रोज सकाळी सातला कोवळ्या उन्हात बसवतो.’ मंडळी, हे तुम्हालाही सांगते. कोवळं ऊन अंगाला बरं वाटतं, पण त्यात अतिनील-ब किरण फारच थोडे असतात. ते तिरपे येतात आणि हवेतच अडतात. खूण सोपी आहे. आपली सावली आपल्यापेक्षा लहान असेल तेव्हाचं ऊन ‘ड’चं. नाशिक विसाव्या अक्षांशावर आहे, इथे डिसेंबरातही भर दुपारी सावली आपल्या उंचीपेक्षा जराशी लहानच असते. आणि आत्ता मेमध्ये तर आपला शून्य सावलीचा दिवस येतो. सकाळी साडेनऊलाच सावली लहान झालेली असते, म्हणून दुपारी बाराला गच्चीवर जाऊन उष्माघात ओढवून घ्यायचं कारण नाही. हातपाय उघडे ठेवा. बंद काचेआडून मात्र काही मिळत नाही, काच हे किरण अडवते.

(श्रोत्यांतून एका आजींनी विचारलं, ‘माझं सतरा आलंय, काय करू?’)

आजी, घाबरू नका. तुमच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा. मुतखडा झाला होता का, मूत्रपिंडाचा त्रास आहे का, हे त्यांना आठवणीने सांगा. त्यांनी पुडी दिली तर आठवड्याचा एकच वार ठरवा आणि घेतली की कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करा. जेवणानंतर दुधाबरोबर घ्या, स्निग्ध पदार्थ पोटात असले की चांगली भिनते. पुन्हा तपासायचं ते तीन महिन्यांनी. त्याआधी नका करू, आकडा बसायला तेवढा वेळ लागतोच.