हौद्यातली दुसरी बॅटरी

माझा भाचा दोन वर्षांपासून विजेवरची लोडिंग गाडी चालवतो. पहाटे इंदूरच्या चोइथराम मंडीत भाजीची कॅरेट भरायची, उज्जैनला उतरवायची आणि रिकामी गाडी घेऊन परत यायचं. दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी तो घरी आला आणि दारातूनच म्हणाला, "मामा, मागे अजून एक बॅटरी बसवून घेऊ का? एक जण स्वस्तात बसवून देतोय." त्या दिवशी मी इतका घाबरलो की त्याला नीट काही समजावलं नाही, नुसता ओरडलो. जे तेव्हा सांगायचं राहिलं ते आज रामबागेतल्या या सभागृहात सांगतो. समोर लोडिंग गाड्या चालवणारे निदान दहा-बारा जण दिसताहेत, म्हणजे ते वाया जाणार नाही.

नोकरीतली माझी ३० वर्षं इंदूरजवळच्या पीथमपूरला गाड्यांच्या चाचण्या करण्यात गेली, तेव्हा आधी आकडे मांडतो. किलोवॉट-तास हा शब्द बाजूला ठेवू. विजेच्या बिलावर ज्याला आपण युनिट म्हणतो तेच ते. टाटाची एस ईव्ही २०२२ साली आली तेव्हा तिच्यात २१.३ युनिटांची बॅटरी होती आणि प्रमाणपत्रावर एका चार्जमध्ये १५४ किलोमीटरची मजल. भागाकार केला तर किलोमीटरला साधारण ०.१४ युनिट. हा चाचणीतला आकडा झाला. भरलेली गाडी, खड्डे, सिग्नल, मे महिन्यातला वारा हे सगळं धरून मी हिशोबाला ०.२ घेतो आणि रिकाम्या परतीला ०.१४.

आता उज्जैन. जाताना ५५ किलोमीटर भरलेली, येताना ५५ रिकामी. जायला ११ युनिट, यायला पावणेआठ. एकूण पावणेएकोणीस. बॅटरीत २१. म्हणजे भाच्याची फेरी होते, पण परतताना वाटेतलं सांवेर सोडलं की त्याचा जीव टांगणीला लागतो. वाटेत जाम लागला किंवा गिऱ्हाइकानं येताना थोडा माल घ्यायला सांगितला की संपलं. त्याची मागणी हौसेची नव्हती, हे आधी मान्य करू या.

ही मागणी अमेरिकेतही आहे, आणि तिचं काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. टेस्लानं सायबरट्रक हा विजेवरचा पिकअप २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये दाखवला तेव्हा सगळ्यात वरच्या मॉडेलला ५०० मैलांहून जास्त मजल सांगितली होती. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गाड्या लोकांच्या हातात पडल्या, तेव्हा दोन मोटरींच्या मॉडेलचा आकडा निघाला ३४० मैल, म्हणजे ५४७ किलोमीटर. त्यावर कंपनीनं तोडगा काढला: हौद्यात बसणारी जोड बॅटरी. किंमत १६,००० डॉलर. ती बसवली की ४७० मैल. नंतर हा आकडा ४४५ वर आला, तारीख पुढे गेली, आणि २०२५ च्या मे महिन्यात कंपनीनं हा बेतच रद्द करून लोकांचे आगाऊ घेतलेले पैसे परत केले. त्या १६,००० डॉलरांत इथे अख्खी विजेवरची छोटी लोडिंग गाडी येते आणि वर पैसे उरतात.

ती बॅटरी हौद्याचा सुमारे एकतृतीयांश भाग खाणार होती, आणि बसवायची-काढायची तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जावं लागणार होतं. तरीही तिकडे त्या कल्पनेला अर्थ होता, कारण तिकडच्या पुष्कळ घरांत पिकअप ही घरची गाडी असते. हौदा बरेच दिवस रिकामा, आणि जड ओझं मागे ट्रेलर जोडून ओढायचं. मोठा ट्रेलर जोडला की विजेच्या पिकअपची मजल निम्म्यावर येते. त्या निम्म्यासाठी जोड बॅटरी हवी होती. आपल्याकडे उलटं आहे. आपला हौदा, ज्याला इथे सगळे डाला म्हणतात, तोच आपलं दुकान. त्यातला तिसरा हिस्सा बॅटरीला दिला तर भाडं कशाचं घेणार?

वजनाचा हिशोब तर सरळच आहे. लोडिंग गाड्यांत जी लिथियम-आयर्न-फॉस्फेटची बॅटरी असते, तिच्या पेटीसकट एका किलोला साधारण १३० वॉट-तास धरा. १० युनिटांची बॅटरी म्हणजे ७५ ते ८० किलो. त्यावर चौकट, जाड केबल, बोल्ट, दोन्ही बॅटऱ्यांचा दाब जुळवणारा कन्व्हर्टर. झाले १०० किलो. मिळाले काय, तर भरल्या गाडीला ५० किलोमीटर. ६०० किलो वाहणाऱ्या गाडीतून १०० किलो गेले, म्हणजे टोमॅटोची चार-पाच कॅरेट रोज मंडीतच राहिली. बरं, ते ५० किलोमीटर रोज लागतातच असंही नाही. ज्या दिवशी फेरी फक्त जवळच्या देवासपर्यंत आहे, त्या दिवशीही हे ओझं अंगावर आहेच.

वजन एक वेळ परवडेल. मला भीती वाटली ती जोडणीची. भाच्याबरोबर मी ती बॅटरी बघायला गेलो. पत्र्याची पेटी, आत जुन्या स्कूटरींतून काढलेले सेल, आणि गाडीच्या मूळ बॅटरीला समांतर जोडायला दोन वायरी. फ्यूज कुठे आहे विचारलं, तर लावून देतो म्हणाले.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे त्यांना माहीत आहे, जुन्या बॅटरीला नवी बॅटरी जोडायची नाही. का नाही? दोन टाक्या आहेत, एकीत पाणी वर, दुसरीत खाली, आणि मध्ये नळी जोडली. पाणी नळाला येण्याआधी या टाकीतून त्या टाकीत धावेल. विजेचं तसंच. समजा एका बॅटरीचा दाब ३२० व्होल्ट, दुसरीचा ३००. फरक अवघा २० व्होल्टचा. पण दोन्हींचा अंतर्गत रोध मिळून ०.१ ओहम असला, तर जोडल्या क्षणी २०० अँपिअर धावतात. वेल्डिंगवाले इथे असतील तर त्यांना विचारा, २०० अँपिअरमध्ये काय काय वितळतं. आणि हा एकदिश प्रवाह, म्हणजे डीसी. घरातली वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावरून जाते, त्यामुळे ठिणगी विझायला वाव मिळतो. बॅटरीची ठिणगी विझतच नाही, ताणली जाते. घरातला साधा एमसीबी तिथे लावून निर्धास्त राहू नका. ६० व्होल्टच्या वरचा एकदिश दाब वाहनांच्या मानकांत धोक्याचा धरतात, तो उगाच नाही.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. गाडीच्या बॅटरीला एक मुनीम असतो, बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम. किती वीज आली, किती गेली, कुठला सेल तापला, हे तो क्षणाक्षणाला लिहून ठेवतो. तुम्ही त्याला न सांगता दुसरा गल्ला जोडलात. आता त्या गल्ल्यातून जाणारा पैसा त्याच्या वहीत येतच नाही. काट्यावर ४० टक्के दिसतात आणि गाडी बायपासवर उभी राहते. ब्रेक दाबल्यावर मोटर जी वीज परत पाठवते, तिच्यातली काही त्या जुन्या सेलांत शिरते, आणि ते सेल किती भरलेत ते बघणारा कोणी नाही. लिथियम-आयर्न-फॉस्फेटचा व्होल्टेज तर २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत जवळजवळ सारखाच राहतो, त्यामुळे मीटर लावून बघणाराही फसतो.

मग हे होऊच शकत नाही का? होतं, आणि चांगलं होतं. मध्ये डीसी-डीसी कन्व्हर्टर हवा, जो दोन्ही बाजूंचे दाब वेगळे ठेवून ठरलेलाच प्रवाह सोडतो. जोड बॅटरीचा स्वतःचा मुनीम हवा आणि त्याचं मूळ मुनिमाशी सतत बोलणं हवं. अपघात झाला तर दोन्ही बॅटऱ्यांची जोडणी एकाच वेळी तुटली पाहिजे. हे सगळं गाडी बनवणाऱ्यानंच आराखड्यात धरावं लागतं, कारण त्याच्या मुनिमाची भाषा त्यालाच माहीत असते. आपल्याकडे चारचाकींच्या बॅटऱ्यांना एआयएस-०३८ नावाचं मानक आहे. २०२२ साली विजेच्या स्कूटरी पेटल्या, त्यानंतर ही मानकं कडक केली. १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ती लागू झाली. एक सेल पेटला तर आग पेटीबाहेर किती वेळात येते, हेसुद्धा त्यात तपासतात. ती पत्र्याची पेटी यातली एकही चाचणी बघून आली नव्हती. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार परस्पर करता येत नाही. उद्या काही झालं तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारेल.

मोठ्या मजलेचा दुसरा मार्ग जनरल मोटर्सनं घेतला. शेव्हरोले सिल्व्हराडो ईव्हीत २०० युनिटांहून मोठी बॅटरी घातली. अमेरिकेतला अधिकृत आकडा ४९२ मैल. त्यांच्याच इंजिनिअरांनी २०२५ मध्ये तीच गाडी एका चार्जवर १,०५९ मैल चालवली. बॅटरी तीच. वेग ताशी ३२ ते ४० किलोमीटर ठेवला, टायरांत पुरेपूर हवा भरली, स्टेपनी काढली, हौद्यावर झाकण घातलं. दुप्पट मजल! भाच्याला ४० नं उज्जैन गाठायला सांगणार नाही, पण ८० ऐवजी ६० धरलं तर वाऱ्याचा विरोध जवळजवळ निम्म्यावर येतो. आणि ती फडफडणारी ताडपत्री घट्ट बांधा हो. प्रत्येक फेरीला ती वीज खाते.

घाटाचं वेगळं आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, खाली निमाडातलं महेश्वर दीडशेच्या आसपास. दोन टनांची गाडी ४०० मीटर वर आणायला सव्वादोन युनिट लागतात, मोटरमधला तोटा धरून अडीचच्या वर, म्हणजे १३ किलोमीटरची मजल. उतरताना त्यातलं बरंच परत मिळतं, पण बॅटरी शंभर टक्के भरून गणपती घाटासारखा उतार उतरायला लागलात तर परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. त्या घाटातले अपघात इथे कोणाला सांगायला नकोत. निमाडात जाणाऱ्यांनी थोडी जागा ठेवून निघावं. महेश्वरची जाऊन-येऊन १८० किलोमीटरची फेरी मात्र या गाडीची नाहीच. १० युनिट जोडूनही भरवशाची होणार नाही.

भाच्याचं उत्तर शेवटी उज्जैनच्या दुकानातच मिळालं. माल उतरवून हिशोब होईपर्यंत तो तिथे दोन तास थांबतो. १५ अँपिअरचा प्लग तासाला सव्वातीन युनिट देतो. दोन तासांत साडेसहा, म्हणजे रिकाम्या परतीचा बहुतेक सगळा खर्च. दुकानदारानं सबमीटर लावून घेतलं, युनिटामागे ठरलेले पैसे भाचा देतो. वायरिंग मात्र मी स्वतः जाऊन बघितलं. अर्थिंग नव्हतं, ते आधी करून घेतलं.

तरी जोड बॅटरीची कल्पना मी सोडलेली नाही. मला हवी आहे ती अशी: ५ युनिटांची, ४० किलोच्या आत, दोन माणसांना उचलता येईल अशी. हौद्यात नाही, हौद्याखाली चेसिसच्या बाजूला सरकवायची. कारखान्यानंच खोबण, कन्व्हर्टर आणि जोडणी देऊन ठेवलेली. बॅटरी विकत नाही, दिवसाच्या भाड्यानं, मंडीच्या दारात. ज्या दिवशी लांबची फेरी, त्या दिवशी घ्यायची, संध्याकाळी परत ठेवायची. चाचणीसाठी पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक घराजवळच आहे. इथल्या कोणा तरुण इंजिनिअरला हे करायचं असेल तर व्याख्यान संपल्यावर थांबा. वजन आणि जोडणीची कागदावर काढलेली आकृती मी बरोबर आणली आहे.