दुहेरीकरण मंजूर झालं. सकाळच्या मेमूचं काय?

श्रोतेहो, नमस्कार.

३१ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने छत्रपती संभाजीनगर ते परभणी या १७७ किलोमीटर रेल्वेमार्गाच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली. परभणी ते मुदखेड हा तुकडा आधीच दुहेरी झालेला आहे. अनेक वर्षांच्या मागणीला यश आलं, याचा आनंद व्हायलाच हवा. पण करमाड, बदनापूर, परतूर, सेलू, मानवत रोड इथल्या रोजच्या प्रवाशाला हवी असलेली सकाळची आणि संध्याकाळची मेमू, म्हणजे छोट्या अंतराची विजेवर धावणारी गाडी, या मंजुरीत आपोआप येत नाही. त्यासाठी पैसा वेगळा मागावा लागतो, आणि तो आता, काम कागदावर असतानाच मागावा लागतो. आज त्याबद्दलच बोलू.

आधी एक हिशेब. ‘नवीन पॅसेंजर द्या’ असं निवेदन दिलं की ‘मार्ग उपलब्ध नाही’ असं उत्तर येतं. ते दरवेळी टोलवाटोलवीचं नसतं. एकेरी मार्गाची क्षमता काढायचं रेल्वेचं जुनं सूत्र असं आहे: दिवसाची १,४४० मिनिटं घ्यायची. सगळ्यात अवघड टप्पा पार करायला सगळ्यात संथ गाडीला लागणारी मिनिटं, अधिक सिग्नल-ब्लॉकच्या कामाची, म्हणजे पुढचा टप्पा मोकळा आहे याची खात्री करून गाडी सोडण्याची, मिनिटं, यांच्या बेरजेने भागायचं. आलेल्या आकड्याचे ७० टक्के धरायचे. समजा दोन स्थानकांमध्ये १० किलोमीटर अंतर आहे, मालगाडीला १५ मिनिटं लागतात आणि ब्लॉकसाठी ५. म्हणजे २० मिनिटं. १,४४० भागिले २० बरोबर ७२, त्याचे ७० टक्के साधारण ५०. दोन्ही दिशा मिळून दिवसाला ५० गाड्या, बस्स. मधोमध क्रॉसिंगचं स्थानक, म्हणजे समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना ओलांडू शकतील असं स्थानक केलं, तर ८ अधिक ५ अशी १३ मिनिटं होतात आणि क्षमता ७७ च्या आसपास जाते. मात्र असं एकाच ठिकाणी करून भागत नाही, कारण पुढचा लांब टप्पा लगेच आडवा येतो. क्षमता संपत आलेल्या मार्गावर आणखी एक पॅसेंजर घुसवली, तर तिलाच प्रत्येक क्रॉसिंगला बाजूला उभं राहावं लागतं. जालना ते संभाजीनगर या ६३ किलोमीटरला दोन-अडीच तास लागायला लागले की प्रवासी एसटीकडे वळतो, मग गाडी रिकामी धावते आणि ‘प्रतिसाद नाही’ म्हणून बंद पडते.

दुहेरीकरणाने ही कोंडी फुटेल. पण मोकळी झालेली जागा कोण घेणार? जालन्याच्या ड्राय पोर्टची, म्हणजे समुद्रापासून दूरच्या कंटेनर-केंद्राची, मालवाहतूक येऊ शकते, सिमेंट आहे, खत आहे, लांब पल्ल्याच्या एक्सप्रेस आहेत. स्थानिक गाडीसाठी जागा राखून ठेवायची, तर ती यार्डाच्या आराखड्यातच राखावी लागते. प्रत्येक स्थानकाचा अभियांत्रिकी आराखडा आधी होतो, त्यावरून सिग्नल आणि इंटरलॉकिंगचा, म्हणजे सिग्नल आणि रुळांचे सांधे एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या यंत्रणेचा, आराखडा होतो. तो पक्का झाल्यावर एक लूप लाईन, म्हणजे मुख्य मार्गाच्या बाजूची जादा मार्गिका वाढवायची म्हटलं, तर इंटरलॉकिंग पुन्हा तपासायचं, काही काळ वाहतूक रोखायची, रेल्वे सुरक्षा आयुक्तांची परवानगी घ्यायची. आज थोडक्या पैशात होणारं काम तेव्हा डोक्यावर बसतं.

तेव्हा निवेदनात ‘गाडी द्या’ एवढंच लिहू नका. गाडीला लागणाऱ्या वस्तू मागा. जालन्याला आणि परभणीला मेमू रात्री उभी करायला स्वतंत्र मार्गिका. संथ गाडीला मागे टाकून एक्सप्रेस पुढे काढता येईल अशी लूप लाईन, तीही फलाटाला लागून, म्हणजे थांबलेल्या गाडीत प्रवासी चढू-उतरू शकतील. आठ डब्यांच्या मेमूला साधारण पावणेदोनशे मीटर फलाट पुरतो. बावीस डब्यांचा फलाट नसला तरी अडत नाही, पण उंची हवी. रुळाच्या पातळीवरच्या फलाटावरून म्हातारी माणसं गाडीत चढण्यातच दोन मिनिटं जातात, आणि सहा स्थानकांवर दोन-दोन मिनिटं गेली की वेळापत्रक कोलमडतं. दुहेरी मार्ग झाला की पलीकडच्या फलाटावर जायला पादचारी पूलही लागतोच. पूल उशिरा आला की लोक रुळ ओलांडतात, आणि पुढे काय होतं ते सांगायला नको.

मेमूच का, हेही निवेदनात लिहावं. मार्गाचं विद्युतीकरण झालेलं आहे; ३० डिसेंबर २०२३ ला जालन्याहून मुंबईची वंदे भारत सुटली, ऑगस्ट २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत गेली. मेमूला दोन्ही टोकांना चालकाची केबिन असते, इंजिन फिरवायचा वेळ वाचतो. जालना ते संभाजीनगर थांबे धरून सव्वा तास आणि टोकाला २० मिनिटं विश्रांती धरली, तर एक गाडी दिवसात चार-पाच फेऱ्या आरामात करते. मात्र चालकाची गाडीवरची ड्यूटी सलग ९ तासांवर जाऊ नये असा दंडक आहे, म्हणजे दिवसाला किमान दोन संच माणसं लागतात. शिवाय ठराविक दिवसांनी गाडी देखभालीसाठी शेडमध्ये न्यावी लागते. शेड लांब असेल तर तेवढ्या फेऱ्या बुडतात, किंवा राखीव गाडी लागते. हा हिशेब निवेदनासोबत जोडला तर अधिकारी ते बाजूला ठेवत नाही.

आता पैसा. २०१७-१८ पासून रेल्वेचा अर्थसंकल्प सर्वसाधारण अर्थसंकल्पातच येतो. १ फेब्रुवारीनंतर रेल्वेच्या प्रत्येक झोनचं पिंक बुक, म्हणजे कामांची आणि त्यांच्या तरतुदींची यादी, निघतं. आपला भाग नांदेड विभागात, म्हणजे दक्षिण मध्य रेल्वे या झोनमध्ये, तेव्हा सिकंदराबादचं पिंक बुक उघडायचं. मुंबईच्या, म्हणजे मध्य रेल्वेच्या, पुस्तकात शोधून सापडणार नाही. त्यात कामं शीर्षकांखाली असतात: नवीन मार्ग वेगळे, दुहेरीकरण वेगळं, यार्डातल्या वाहतूक सुविधा वेगळ्या, प्रवासी सुविधा वेगळ्या. लूप लाईन प्रवासी सुविधांत मागितली तर कागद टेबलांवर फिरत राहतो. आणि आकडे हजारांत असतात हे लक्षात ठेवा. रकान्यात नुसता १ दिसला तर ती तरतूद १,००० रुपयांची आहे. काम यादीत जिवंत ठेवलंय, एवढाच त्याचा अर्थ. ‘सर्वेक्षण मंजूर’ ही बातमीही ‘मार्ग मंजूर’ म्हणून वाचू नये.

फेब्रुवारीत तरतूद दिसायची असेल तर विभागाचे प्रस्ताव त्याच्या कितीतरी आधी तयार होतात, म्हणून निवेदन पावसाळ्यातच नांदेडला पोचलेलं बरं. जानेवारीत दिल्लीला शिष्टमंडळ नेण्याने फोटो येतो, तरतूद येत नाही.

राज्याच्या वाट्याचं काय? अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५-९६ मध्ये मंजूर झाला तेव्हा ३५३ कोटींचा होता. निम्मा खर्च राज्याने उचलला, तरी बीडला गाडी पोचायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडला. तोवर अंदाजपत्रक ४,८०० कोटींवर गेलं होतं. केंद्राचा आणि राज्याचा हप्ता एकाच वर्षी आला नाही की एकाचा पैसा पडून राहतो, जमिनीचा मोबदला वाढत जातो. म्हणून अर्थसंकल्पासोबत विधिमंडळातल्या पुरवणी मागण्याही पाहत राहा.

खासदार निधी वर्षाला ५ कोटींचा. त्यातून पादचारी पूल, निवारा, पाण्याची सोय अशी टिकणारी कामं होतात. गाडी चालवायचा रोजचा खर्च त्यातून निघत नाही. आणि खरी अडचण या रोजच्या खर्चाचीच आहे. प्रवास खर्चाच्या सरासरी ५७ टक्केच रक्कम वसूल होते, असं रेल्वेने आपल्या तिकिटांवरच छापलेलं आहे. छोट्या अंतराच्या मेमूचं किमान भाडं १० रुपये. तिथे वसुली याहून कमीच असणार. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट आहे आणि सवलतीची रक्कम राज्य सरकार महामंडळाला देतं. असाच करार मेमूच्या चार फेऱ्यांसाठी राज्याने रेल्वेशी का करू नये? आमच्या मते मराठवाड्यातल्या आमदारांनी धरून बसावा असा हा मुद्दा आहे.

जाता जाता भुयारी मार्गांचं. दुहेरीकरणात फाटकं बंद होऊन भुयारी मार्ग येतात, आणि पावसाळ्यात त्यात कमरेएवढं पाणी साचतं. उपाय असे: उतारावर छप्पर, तोंडाशी आडवी जाळीची गटार आणि वर उंचवटा, खाली पाणी गोळा होण्याची विहीर आणि पंप, आणि पंपाचं वीजबिल व डिझेल कोण भरणार याचा लेखी करार. यातला शेवटचा कागद हमखास राहतो, आणि जुलैत पंप बंद सापडतो. ग्रामपंचायतीने जागेची संमती देतानाच तो करार मागून घ्यावा.