दहा टक्के मते पडली कुठे? ब्रिटनच्या कौन्सिल निवडणुका आणि लहान पक्ष

मित्रहो, दोन निकाल आधी शेजारी शेजारी मांडतो. मे २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या काउंटी कौन्सिलांच्या, म्हणजे जिल्हा पातळीवरच्या स्थानिक संस्थांच्या निवडणुकीत यूकिप या युरोपीय संघविरोधी पक्षाचा वाटा, बीबीसीने काढलेल्या देशव्यापी अंदाजानुसार (सगळ्या देशात मतदान झाले असते तर), २३ टक्के होता. २,३०० हून अधिक जागांपैकी त्यांच्या वाट्याला आल्या १४७, म्हणजे शंभरात सहा. एकही कौन्सिल हाती आली नाही. मे २०२५ मध्ये साधारण त्याच फेरीत रिफॉर्म यूके पक्षाचा अंदाजित वाटा ३० टक्के होता. त्यांना मिळाल्या ६७७ जागा, म्हणजे शंभरात एक्केचाळीस, आणि केंट, डरहॅम, लँकशायर, लिंकनशायर धरून दहा कौन्सिलांत बहुमत. शंभरामागे सात मते वाढली आणि जागा साडेचारपट झाल्या.

यात जादू काही नाही. ज्याला सर्वांत जास्त मते, तो निवडून येतो, ही इंग्लंडची पद्धत. २०१३ मध्ये मजूर पक्ष २९ वर होता, हुजूर पक्ष २५ वर. यूकिप वॉर्डामागून वॉर्डात दुसरा येत राहिला आणि दुसऱ्याला काहीच मिळत नाही. २०२५ मध्ये मजूर पक्ष २० वर घसरला होता, लिबरल डेमोक्रॅट १७, हुजूर १५, ग्रीन ११. मते पाच ठिकाणी फुटली की तीस टक्केवाला सहज पहिला येतो. म्हणून एखाद्या लहान पक्षाला किती टक्के मते पडली, एवढे ऐकून निकालाचा अंदाज बांधू नका. समोरचे किती जणांत विभागले गेलेत, हे आधी पाहा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ती मते कुठे पडली?

समजा एका कौन्सिलात वीस वॉर्ड आहेत आणि एका पक्षाला एकूण दहा टक्के मते आहेत. प्रत्येक वॉर्डात दहा-दहा टक्के पडली तर हाती शून्य. तीच मते चार वॉर्डांत गोळा झाली, तर त्या चारही वॉर्डांत पक्ष पहिला. लहान पक्षाचे सगळे राजकारण या एका हिशेबाभोवती फिरते, आणि नवे पक्ष नेमके तेच विसरतात. सगळीकडे उमेदवार उभे करायचे, कागदावर मोठा आकडा दाखवायचा, आणि सगळीकडे चौथे यायचे. कौन्सिल निवडणुकीला अनामत रक्कम नसते, त्यामुळे हा मोह फार स्वस्त पडतो. लोकसभेच्या, म्हणजे हाउस ऑफ कॉमन्सच्या निवडणुकीत ५०० पौंड भरावे लागतात आणि पाच टक्क्यांखाली गेलात तर ते जप्त होतात. इथे तो धाक नाही.

वॉर्डाची रचनाही समजून घ्या. इंग्लंडमध्ये एका वॉर्डातून एक, दोन किंवा तीन कौन्सिलर निवडले जातात. आपल्याकडे पुणे किंवा नाशिकच्या महापालिकेत चार सदस्यांच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा जागा वेगळ्या असतात आणि प्रत्येक जागेसाठी वेगळे मत द्यायचे असते. इंग्लंडमध्ये तसे नाही. तीन जागांच्या वॉर्डात सगळे उमेदवार एकाच यादीत असतात आणि मतदाराच्या हाती तीन मते. मोठ्या पक्षाचा मतदार तिन्ही मते आपल्याच पॅनेलला देतो, मग तिन्ही जागा त्यांच्या. पूर्व लंडनच्या न्यूहॅममध्ये २०१०, २०१४ आणि २०१८ या तिन्ही वेळी साठच्या साठ जागा मजूर पक्षाच्या होत्या. विरोधी मतदार तिथेही होते, सभागृहात विरोधी सदस्य मात्र एकही नव्हता.

काही कौन्सिलांत दर वर्षी एक तृतीयांश जागांची निवडणूक होते आणि चौथे वर्ष सुटीचे. लहान पक्षाला ही रचना जास्त सोयीची. चिकाटीच्या एका उमेदवाराला चार वर्षांत त्याच वॉर्डात तीनदा उभे राहता येते. पहिल्यांदा तिसरा, मग दुसरा, मग पहिला. एकदा एक जागा आली की उरलेल्या दोन पुढच्या दोन वर्षांत येतात, हे चित्र पुष्कळदा दिसते.

हे तंत्र ब्रिटनमध्ये रुजवले लिबरल पक्षाने. १९७० साली ईस्टबर्नच्या अधिवेशनात त्यांनी 'वस्तीचे राजकारण' हे धोरण स्वीकारले: रस्त्यातला खड्डा, बंद पडलेला दिवा, न उचललेला कचरा, यांची तड लावायची आणि तसे पत्रक घरोघर टाकायचे, निवडणूक नसतानाही. १९७३ मध्ये लिव्हरपूलच्या कौन्सिलात ते सर्वांत मोठा पक्ष झाले. ग्रीन पक्षाने पुढे हीच वाट धरली. सफोकमधल्या मिड सफोक कौन्सिलात २०१९ मध्ये ३४ पैकी १२ जागा, २०२३ मध्ये २४, आणि देशातले पहिले ग्रीन बहुमत. ब्रिस्टलमध्ये २०२४ साली ७० पैकी ३४, बहुमताला दोन कमी. त्याच वर्षी ब्रिस्टल सेंट्रलमधून त्यांच्या कार्ला डेनियर खासदार झाल्या. त्या आधी तिथल्याच कौन्सिलर होत्या.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. इंग्लंडमध्ये उमेदवारी अर्जावर वॉर्डातल्या दोन मतदारांच्या सह्या लागतात, सूचक आणि अनुमोदक. पक्षाचे नाव व चिन्ह हवे असेल तर पक्षाच्या नामनिर्देशन अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र सोबत हवे. मतदानाआधी १९ कामकाजाचे दिवस, दुपारी चार, ही शेवटची वेळ. चार वाजून एक मिनिटाने आलेला अर्ज घेत नाहीत. अर्ज बाद होतात ते बहुधा किरकोळ गोष्टींनी: सही करणारा शेजारच्या वॉर्डातला निघतो, किंवा प्रमाणपत्रावरचे पक्षाचे नाव आणि अर्जावरचे नाव जुळत नाही. म्हणून अर्ज शेवटच्या दिवशी नेऊ नका. चार दिवस आधी नेला तर कार्यालय अनौपचारिक तपासणी करून चूक दाखवते.

खर्चाची मर्यादा फार कमी असते: हजार पौंडांच्या आसपास ठोक रक्कम आणि वर प्रत्येक मतदारामागे काही पेन्स. कौन्सिल निवडणुकीत टपालाने फुकट पत्रक पाठवण्याची सवलतही नाही. पैशापेक्षा पाय मोलाचे ठरतात ते यामुळे. मतदान साधारण तीनातल्या एकाचे होते. ९,००० मतदारांच्या वॉर्डात ३,००० जण येतात आणि चौरंगी लढतीत ११०० ते १२०० मतांवर जागा निघते. सहा-सात कार्यकर्त्यांनी हिवाळाभर दारे ठोठावली तर एवढी नावे यादीवर खूण करून हाती येतात. प्रत्येक पत्रकावर छापणाऱ्याचे आणि छपाई करवून घेणाऱ्याचे नाव-पत्ता हवाच. नसेल तर तो गुन्हा आहे.

हे गणित कोसळते कधी? सार्वत्रिक निवडणूक त्याच दिवशी आली की. पूर्व लंडनच्या बार्किंग आणि डॅगनममध्ये अतिउजव्या बीएनपीने, म्हणजे ब्रिटिश नॅशनल पार्टीने, २००६ साली १२ जागा घेतल्या होत्या. ६ मे २०१० रोजी दोन्ही निवडणुका एकत्र झाल्या, मतदान खूप वाढले, विरोधकांनीही घरोघर जाऊन मोठी मोहीम केली आणि ५१ च्या ५१ जागा मजूर पक्षाला गेल्या. द्वेषाच्या बळावर मिळवलेल्या जागा जास्त लोक मतदानाला आले की टिकत नाहीत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण तोच भरतीचा लोंढा चांगले काम करणाऱ्या स्थानिक कौन्सिलरलाही वाहून नेतो, हेही तितकेच खरे.

स्कॉटलंडचा प्रकार वेगळा. तिथे २००७ पासून पसंतीक्रमाचे एकल संक्रमणीय मत आहे, आपल्या राज्यसभेच्या निवडणुकीसारखे: मतदार उमेदवारांपुढे १, २, ३ असे क्रम लिहितो आणि बाद झालेल्याची मते पुढच्या पसंतीकडे जातात. बहुतेक वॉर्ड तीन किंवा चार जागांचे. चार जागा आणि ५,००० वैध मते असतील तर कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मते, १,००१. तीन जागा असतील तर १,२५१. पहिल्या पसंतीची ११-१२ टक्के मते असलेला उमेदवार दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीवर वर चढू शकतो, पण त्यासाठी इतरांच्या मतदारांना तो चालायला हवा. टोकाच्या पक्षांना तिथे म्हणूनच फारसे काही मिळत नाही. २०२२ मध्ये स्कॉटिश ग्रीन पक्षाला सुमारे सहा टक्के पहिल्या पसंतीची मते आणि १,२०० हून अधिक जागांपैकी ३५ मिळाल्या, त्यांतल्या वीस एडिनबरा आणि ग्लासगोत. म्हणजे वॉर्ड लहान असतील तर प्रमाणशीर पद्धतीतही एकवटलेली मतेच कामी येतात. एका वॉर्डात दोन उमेदवार उभे करणे ही तिथली ठरलेली चूक: पहिल्या पसंतीची मते विभागतात आणि दोघेही सुरुवातीच्या फेऱ्यांत बाद होतात.

निवडून आल्यानंतरची परीक्षा मात्र अवघड. एकटा कौन्सिलर ठराव मांडू शकतो, पण त्याला अनुमोदक लागतो. समित्यांतल्या जागा गटांच्या प्रमाणात वाटतात आणि गट मानला जायला किमान दोन सदस्य हवेत. त्यामुळे लहान पक्षाचा पहिला सदस्य बहुतेकदा अपक्षांबरोबर संयुक्त गट करतो. सलग सहा महिने एकाही बैठकीला न गेलेल्या सदस्याचे पद रजा मंजूर नसेल तर जाते. कागदोपत्री उभे केलेले उमेदवार अनपेक्षितपणे जिंकले की ही वेळ येते.

सत्ता मिळाली तर आणखी अडचणी. यूकिपने २०१५ मध्ये केंटमधल्या थॅनेट कौन्सिलात ५६ पैकी ३३ जागा जिंकल्या. तिथल्या बंद पडलेल्या मॅन्स्टन विमानतळाच्या प्रश्नावरून सदस्य फुटले आणि त्याच वर्षी बहुमत गेले. २०१९ मध्ये तिथे त्यांची एकही जागा उरली नाही. ब्राइटनमध्ये ग्रीन पक्ष २०११ साली ५४ पैकी २३ जागांवर सत्तेत आला, २०१३ मध्ये कचरा कामगारांचा संप ओढवला, २०१५ मध्ये ११ जागा राहिल्या. याउलट सरेमधल्या एप्सम आणि युएलमध्ये रहिवासी संघ १९३७ पासून सत्तेवर आहेत. देशव्यापी लाट त्यांच्यामागे कधी नव्हती, त्यामुळे ओसरायलाही काही नव्हते.

तुमच्यापैकी ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे, त्यांच्यासाठी एक सांगतो. राष्ट्रकुलातले नागरिक म्हणून, वैध व्हिसावर इथे ब्रिटनमध्ये राहत असाल तर तुम्हाला कौन्सिल निवडणुकीत मत आहे. आधी मतदार यादीत नाव नोंदवावे लागते. कायमच्या वास्तव्याचा परवाना असेल तर उभेही राहता येते. त्यासाठी वय १८ हवे, त्या कौन्सिलच्या हद्दीत मतदार म्हणून नोंद किंवा बारा महिन्यांचे वास्तव्य, नोकरी अथवा जागा हवी, आणि तुम्ही त्याच कौन्सिलचे नोकर नसावे. पुढच्या मे महिन्याची वाट पाहायलाच हवी असेही नाही. जागा रिकामी झाली की त्या कौन्सिलच्या हद्दीतल्या कोणत्याही दोन मतदारांनी लेखी मागणी केली तर ३५ कामकाजाच्या दिवसांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. तेव्हा मतदान आणखी कमी होते, साताठशे मतांतही जागा निघते, आणि मोठ्या पक्षांकडे त्या आठवड्यांत तेवढे कार्यकर्ते मोकळे असतातच असे नाही.