पाच भाऊ, पाच बहिणी आणि पेम्ब्रोकची जहागीर

नमस्कार श्रोतेहो.

मध्ययुगीन इंग्लंडमधल्या उमराव घराण्यांच्या वंशावळींविषयी मी आज बोलणार आहे. घराणी पुष्कळ आणि वेळ थोडा, म्हणून एकच घराणं घेते: मार्शल घराणं. 1219 साली या घराण्याचा कर्ता पुरुष विल्यम मार्शल वारला, तेव्हा त्याच्यामागे पाच मुलगे आणि पाच मुली होत्या. 1245 सालचा नाताळ उजाडला तेव्हा पाचही मुलगे गेलेले होते आणि एकाच्याही पोटी औरस मूल नव्हतं. एवढं भरलेलं घर सव्वीस वर्षांत पुरुषांच्या बाजूने संपलं. पण तो वंश संपला नाही, तो मुलींकडून पुढे गेला. इंग्लंडच्या उमरावांची कुळं शोधायची तर मुलींचा माग काढावा लागतो, हे माझं आजचं म्हणणं आहे.

विल्यम मूळचा मोठा जहागीरदार नव्हता. धाकटा मुलगा, वाट्याला जमीन नाही. लहान असताना 1152 साली न्यूबरीच्या वेढ्यात तो राजा स्टीफनकडे ओलीस होता. बापाने शब्द मोडला, तेव्हा या पोराला फासावर चढवा असा सल्ला राजाला मिळाला. बापाने निरोप धाडला की याहून चांगले मुलगे घडवायला माझ्याकडे हातोडा आणि ऐरण आहे. राजाला पोराची दया आली म्हणून तो वाचला. हा प्रसंग आपल्याला ठाऊक आहे तो एका चरित्रकाव्यामुळे. विल्यमच्या थोरल्या मुलाने बापाच्या मृत्यूनंतर ते लिहवून घेतलं. भाषा फ्रेंच, कारण तेव्हाच्या इंग्लंडमधल्या उमरावांची बोली तीच. ओळी 19,214.

पुढे विल्यमने तलवारीवर नाव कमावलं. पण जमीन तलवारीने आली नाही, लग्नाने आली. 1189 साली राजा रिचर्डने त्याचं लग्न इझाबेल द क्लेअर हिच्याशी लावून दिलं. नवरा चाळिशी ओलांडलेला, नवरी सतरा-अठरा वर्षांची. तिचा बाप रिचर्ड द क्लेअर, ज्याला स्ट्राँगबो म्हणत. आई इफा, आयर्लंडमधल्या लेन्स्टरच्या राजाची मुलगी. बाप आणि भाऊ दोघेही गेल्यामुळे वेल्स, इंग्लंड आणि आयर्लंडमधली अफाट जमीन या एका मुलीच्या नावावर होती, आणि वारस मुलीचं पालकत्व राजाकडे असे. तिला कुणाच्या हाती द्यायचं हे राजा ठरवी आणि त्यात आपला फायदा बघे. म्हणजे मार्शल घराण्याची वेल्समधली पेम्ब्रोकची जहागीर मुळात इझाबेलची. वंशवृक्ष काढणारे सगळ्यात वर विल्यमचं नाव घालतात, मला तिथे इझाबेलचं नाव आधी घालावंसं वाटतं.

राजा जॉन 1216 साली वारला तेव्हा त्याचा मुलगा तिसरा हेन्री नऊ वर्षांचा होता. राज्याचा कारभार विल्यम मार्शलकडे आला. त्या वेळी तो सत्तरीच्या घरात होता आणि पुढच्याच वर्षी लिंकनच्या लढाईत स्वतः घोड्यावर बसून उतरला. 1219 च्या मे महिन्यात कॅव्हरशॅमला त्याने देह ठेवला.

त्या शेवटच्या दिवसांतला एक प्रसंग काव्यात आला आहे. विल्यम आपल्या विश्वासू सरदाराला, जॉन ऑफ अर्लीला म्हणतो, मला गावंसं वाटतंय. जॉन सुचवतो, मुलींना बोलवू या. मुली येतात. थोरली मॉड गळा दाटलेला असताना एक कडवं गाते. मग धाकटी जोन गाते, पण लाजत लाजत. बाप तिला थांबवतो, असं अंग चोरून गायचं नाही म्हणतो, आणि कसं गायचं ते शिकवतो. जोनचं लग्न व्हायचं होतं, त्याचा त्याला घोर होता. धाकट्या मुलाला, अँसेल्मला, काहीच ठेवायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. मी कमावलं तसं त्यानेही कमवावं. जॉन ऑफ अर्लीने गळ घातली म्हणून अँसेल्मच्या नावे थोडी जमीन लागली. जोन आणि अँसेल्म ही दोन नावं तेवढी लक्षात ठेवा.

आता मुलगे. थोरला विल्यम 1231 साली वारला. त्याची बायको एलिनॉर खुद्द राजाची बहीण. दुसरा रिचर्ड राजाविरुद्ध उठला आणि 1234 साली आयर्लंडमध्ये किल्डेअरच्या माळावर झालेल्या लढाईतल्या जखमांनी गेला. तिसरा गिल्बर्ट पाद्री व्हायचा होता, त्याला ते सोडून जहागीर घ्यावी लागली. 1241 साली हर्टफर्डजवळ घोडेस्वारांच्या स्पर्धेत घोडा उधळला आणि तो गेला. चौथा वॉल्टर 1245 च्या नोव्हेंबरात वारला. मग सगळं अँसेल्मकडे आलं, ज्याला काहीच मिळणार नव्हतं त्याच्याकडे. महिनाभरात, डिसेंबर संपायच्या आत, तोही गेला. पाचही जणांची लग्नं झालेली होती.

लोकांनी याचं कारण शोधलं. सेंट ऑल्बन्सच्या मठातला इतिहासकार मॅथ्यू पॅरिस सांगतो की विल्यमने आयर्लंडमधल्या फर्न्सच्या बिशपची दोन गावं बळकावली होती, मुलांनी ती परत केली नाहीत, म्हणून बिशपने शाप दिला की एका पिढीत हे नाव पुसलं जाईल. बिशपशी जमिनीचं भांडण होतं हे खरं. पण मॅथ्यूने हे लिहिलं तेव्हा भाऊ एकामागून एक जाताना लोकांनी पाहिले होते. शेवट ठाऊक झाल्यावर लिहिलेला शाप पुरावा म्हणून मी धरत नाही.

आपल्याकडे इथे कुणीही विचारील, मग दत्तक का घेतला नाही? इंग्लंडच्या कायद्यात दत्तकाची सोयच नव्हती. ती आली 1926 साली. याच देशाच्या कंपनी सरकारने 1848 साली साताऱ्याच्या गादीचा दत्तक नाकारून राज्य खालसा केलं, ते आपण शाळेत शिकलो आहोत. मार्शल भावांच्या काळात नियम स्पष्ट होता. मुलगे असतील तर सगळं थोरल्याकडे. मुलगा नसेल तर सगळ्या मुलींना सारखा वाटा, आणि मुलगी वारली असेल तर तिचा वाटा तिच्या मुलांना.

1247 साली वाटणी झाली. आयर्लंडमधलं लेन्स्टर पाच तुकड्यांत गेलं. थोरल्या मॉडकडे कार्लो. आईचंच नाव असलेली मुलगी इझाबेल वारली होती, म्हणून तिच्या मुलाकडे, रिचर्ड द क्लेअरकडे, किल्केनी. हा रिचर्ड म्हणजे स्ट्राँगबो नव्हे. ईवा या मुलीचा नवरा विल्यम द ब्राओझ याला 1230 साली वेल्सचा राजा लुवेलिन याने आपल्या राणीच्या महालात सापडला म्हणून फाशी दिलं होतं. तिचा वाटा मुलींना मिळाला, त्यात डनामेजचा किल्ला मॉर्टिमर घराण्यात दिलेल्या मुलीकडे गेला. जोनच्या वंशाला वेक्सफर्ड, शिवाय वेल्समधलं पेम्ब्रोक.

राहिली सिबिल. तीही आधीच वारली होती. तिला सात मुली. म्हणजे पाचव्या हिश्श्याचे सात भाग, एकेकीला पस्तिसावा हिस्सा. सिबिलचा नवरा विल्यम द फेरर्स, पुढे डर्बीचा अर्ल. अर्ल हा मोठ्या उमरावाचा किताब. त्याने दुसरं लग्न केलं आणि त्याला मुलगाही झाला. तो मुलगा डर्बीचा वारस झाला, पण मार्शल जमिनीतलं ढेकूळही त्याला मिळालं नाही, कारण तो सिबिलच्या पोटचा नव्हता. वंशावळीत नुसतं ‘फेरर्सचा मुलगा’ लिहून भागत नाही, आई कोण हे लिहावंच लागतं.

याच ठिकाणी भलेभले फसतात. फेरर्सची ही दुसरी बायको मार्गारेट द क्विन्सी. चौथ्या भावाची, वॉल्टरची, विधवा कोण? तीही मार्गारेट द क्विन्सी. दोघी चुलत बहिणी. आणि डर्बीच्या मार्गारेटच्या बापाने, रॉजर द क्विन्सीने, उतारवयात सिबिलच्याच एका मुलीशी, एलिनॉरशी, लग्न केलं. म्हणजे मार्गारेट ही एलिनॉरची सावत्र आई, आणि एलिनॉर ही मार्गारेटची सावत्र आई. कागदावर आखताना रेघा उलट्या फिरतात, तरी प्रत्येक रेघ खरी आहे.

ही माहिती टिकली कशी? उमरावांना पूर्वजांचा अभिमान होता म्हणून नव्हे, जमिनीमुळे. थेट राजाकडून जमीन धरणारा माणूस मेला की राजाचे अधिकारी गावोगाव चौकशी लावत. तिथल्या लोकांना शपथेवर विचारत: जमीन किती, त्यापोटी काय चाकरी, मृत्यू कधी, जवळचा वारस कोण, त्याचं वय काय. 1236 च्या सुमारापासूनचे असे लॅटिन भाषेतले चर्मपत्रांचे कागद लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आपल्याकडेही वतनाच्या तंट्यात करीने आणि महजर झाले म्हणून कितीतरी घराण्यांच्या पिढ्या आज कळतात. मुलगा एकवीस वर्षांचा झाला का हे ठरवायला साक्षीदार येत. एक सांगे, त्याच दिवशी माझ्या मुलाचं बारसं होतं. दुसरा सांगे, त्या साली घोड्यावरून पडून माझा पाय मोडला. पुढच्या काळात अशा साक्षी ठराविक साच्यातून उतरवलेल्या दिसतात, त्यामुळे त्या जपून वापराव्यात. तरी मला त्या मोलाच्या वाटतात, कारण उमरावांच्या कागदात साध्या माणसांचा आवाज एवढाच येतो.

सोळाव्या-सतराव्या शतकात कुलचिन्हांची नोंद ठेवणारे राजाचे अधिकारी घराण्यांकडून वंशावळी उतरवून घेऊ लागले. त्यांत खरं बरंच आहे, पण नव्याने श्रीमंत झालेल्यांना 1066 च्या नॉर्मन स्वारीतले पूर्वज चिकटवण्याचे उद्योगही आहेत. जे. होरेस राउंड या अभ्यासकाने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी त्यांतले कितीतरी पूर्वज कागदोपत्री खोटे ठरवले. ही छाननी झाली नसती तर आज मध्ययुगीन वंशावळीवर विश्वास ठेवणं अवघड होतं.

वाटणीचे धागे कुठवर गेले ते थोडक्यात सांगते. विल्यमची लेक इझाबेल, तिची मुलगी स्कॉटलंडच्या ब्रूस घराण्यात दिली, तिचा नातू रॉबर्ट ब्रूस, स्कॉटलंडचा राजा. ईवाच्या मुलीकडून मॉर्टिमर, आणि त्यांच्याकडून दोन शतकांनी इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड. थोरल्या भावाची विधवा एलिनॉर पुढे सिमॉन द माँटफर्टची बायको झाली. पहिल्या नवऱ्याच्या जमिनीतल्या तिच्या विधवेच्या वाट्यावरून सिमॉन आणि राजा हेन्री वर्षानुवर्षं भांडले. सिमॉनने पुढे राजाविरुद्ध शस्त्र उचललं, त्यामागच्या वैरात हा वाटाही होता.

मार्शल हे मुळात राजदरबारातलं पद, घराण्याचं नाव त्यावरूनच. ते पद मात्र वाटता येत नव्हतं. राजाने 1246 साली पदाचा दंड थोरल्या मॉडच्या हाती दिला, आणि काम तिचा मुलगा रॉजर बिगॉड पाहू लागला. शेवटचा बिगॉड अर्ल 1306 साली मूल नसताना वारला आणि पद राजाकडे परत गेलं. आज नॉरफोकचे ड्यूक अर्ल मार्शल आहेत आणि 2023 चा राज्याभिषेकाचा सोहळा त्यांनीच आखला. पण त्यांच्याकडे हे पद पुढच्या राजांनी नव्याने दिल्यामुळे आलं आहे. मॉडपासून थेट तिथवर रेघ ओढू नये.

आणि जोन. तिच्या मुलीचं लग्न राजाचा सावत्र भाऊ विल्यम द व्हॅलेन्स याच्याशी झालं, म्हणून पेम्ब्रोक त्याला मिळालं. त्याचा मुलगा 1324 साली औरस संततीविना वारला, तेव्हा पेम्ब्रोक बहिणीकडून हेस्टिंग्ज घराण्यात आलं. 1389 साली तिथला शेवटचा तरुण अर्ल, वय सतरा, वुडस्टॉकला भाल्याच्या सरावात मेला. त्यालाही मूल नव्हतं. मग ग्रे आणि हेस्टिंग्ज यांचा खटला उभा राहिला, हेस्टिंग्जांचं कुलचिन्ह कुणाचं यावर. एडवर्ड हेस्टिंग्ज पुरुषांच्या बाजूने वारस होता, पण व्हॅलेन्सची मुलगी केलेल्या हेस्टिंग्जच्या दुसऱ्या बायकोच्या वंशातला. ग्रे एका मुलीच्या वंशातला, पण ती मुलगी पहिल्या बायकोची, म्हणजे जोनच्या नातीची. 1410 साली निकाल ग्रेच्या बाजूने लागला. एडवर्डने खटल्याचा खर्च द्यायला नकार दिला आणि त्यापायी अनेक वर्षं तुरुंगात काढली. तो तुरुंग मार्शलचा होता, नाव मार्शलसी.

नमस्कार.