वारली चौकाची फ्रेम: काच आणि चित्र यांत मोकळी जागा

नमस्कार मंडळी! हा बघा वारली चौक, म्हणजे लग्नात काढतात ते चौकोनी वारली चित्र. हातकागदावर गेरूचा हात देऊन तांदळाच्या पिठाने काढलेला. जरा जवळून दाखवते. मधोमध पालघट देवी, आणि चहूबाजूंनी ही नक्षीची किनार. लग्नघरात झोपडीच्या भिंतीवर चौक काढतात, तेव्हा देवी या किनारीच्या आत असते. म्हणजे चौकाची चौकट चित्रातच आहे.

माझा पहिला चौक मी फ्रेमवाल्याकडे टाकला आणि घरी आणून बघते तर काय, माउंटखाली, म्हणजे चित्रावर ठेवतात त्या खिडकी कापलेल्या पुठ्ठ्याखाली, अर्धी किनार गडप! वर काच थेट चित्रावर दाबलेली. दोन पावसाळ्यांनी काच काढली, तर पिठाचे पोपडे काचेलाच चिकटून आले. फार वाईट वाटलं.

म्हणून आता माउंटची खिडकी कापायचीच नाही. चित्र तरंगतं ठेवायचं. ५ मिमीचा फोमबोर्ड घ्या, चित्रापेक्षा चारही बाजूंनी दोनेक सेंटिमीटर लहान कापा आणि चित्राच्या मागे लपवा. चित्र त्याला जपानी कागदाच्या छोट्या पट्ट्यांनी लावायचं, तेही फक्त वरच्या कडेला, गव्हाच्या खळीने. फेविकॉल नको, सेलोटेप तर नकोच. दमट हवेत कागद फुगतो, आकसतो. त्याला हलायला जागा हवी.

मागचा बोर्ड आम्लमुक्त घ्या, रंग फिका. मी साबुदाण्यासारखा पांढरट घेते. काळ्यावर सावली दिसतच नाही, आणि आपल्याला सावलीच तर हवी आहे.

आता काच. फ्रेमच्या आत कडेकडेने मागच्या बोर्डावर १२ मिमी उंचीच्या पट्ट्या लावा, काच त्यांच्यावर टेकू द्या. हिशेब करा: काच २, मोकळी जागा ६, कागद १, फोमबोर्ड ५, मागचा बोर्ड ३, पाठीचा हार्डबोर्ड ३. झाले २० मिमी. म्हणून दुकानात फ्रेमच्या पट्टीची रुंदी, नक्षी नंतर बघा. आधी तिच्या आतली, हे सगळं बसतं ती खाच मोजा. २२ ते २५ मिमी खोल हवी.

पाठ कागदी टेपने बंद करा, खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा. भिंत ओली झाली तरी मागून हवा खेळते.

आता खोलीतला दिवा बंद करते आणि वरून, तिरका, हा एकच लावते. किनारीखाली बघा, उजव्या कोपऱ्यात. कागद बोर्डावरून उचलला गेलाय. आणि तारपा हे वाद्य वाजवणाऱ्याभोवतीच्या त्या नाचणाऱ्या माणसांवर पीठ जिथे जाड बसलंय, तिथे प्रत्येकाला स्वतःची बारीकशी सावली आहे.