हळदीचा हिशेब आणि सी भाषेची हद्द

[दृश्य : सांगलीचं मार्केट यार्ड. हळदीच्या पोत्यांच्या थप्प्या.]

राजापुरी हळदीचा सौदा लागलाय. समजा 700 पोती, पोत्याला 50 किलो. काट्यापाशी उभा असलेला तोलाईदार तोंडानंच सांगेल, 35 हजार किलो. हाच गुणाकार सी या प्रोग्रॅमिंग भाषेत करू. कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारं साधन, जुना टर्बो सी. आकडे ठेवायला दोन साधे 'इंट', म्हणजे पूर्णांकांचे कप्पे.

[दृश्य : टर्बोचा निळा एडिटर, मग काळ्या पडद्यावर उत्तर.]

उणे 30,536.

टर्बोचा इंट 16 बिटांचा. 32,767 च्या पुढचा आकडा त्यात मावत नाही. 35,000 मधून 65,536 वजा होतात आणि भरलेल्या गाडीचं वजन उणे निघतं. तोच गुणाकार आजच्या संगणकावर जीसीसी या दुसऱ्या कंपायलरवर करा, 35,000 बरोबर येतात, कारण तिथं इंट 32 बिटांचा आहे. मग सगळे टर्बोच्या नावानं बोटं मोडतात. या एका बाबतीत ते चूक आहे. सी भाषेचं अधिकृत मानक इंटला किमान 16 बिटांचीच हमी देतं, म्हणजे टर्बो नियमातच आहे. 32 बिट हवेत तर 'लाँग' हा मोठा कप्पा घ्यायचा. पण नुसतं उत्तर लाँगमध्ये ठेवून भागत नाही. पोती आणि किलो दोन्ही इंट असतील तर गुणाकार इंटमध्येच होतो, आणि बिघडलेलं उत्तर लाँगमध्ये जाऊन बसतं. दोघांपैकी एक तरी आधीच लाँग हवा.

टर्बोचा स्वतःचा कारभार दिसतो तो 'कॉनिओ डॉट एच' या हेडर फाइलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या सुरुवातीला एका ओळीनं जोडायच्या तयार फाइलमध्ये. पडदा पुसणारं क्लिअरस्क्रीन, कळ दाबेपर्यंत थांबणारं गेटसीएच. टर्बो सी बाजारात आलं 1987 मध्ये, अमेरिकेचं आन्सी मानक 1989 मध्ये, आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचं 1990 मध्ये. आणि मानकाला पडदा हा प्रकार ठाऊकच नाही. अक्षरं आत येतात, बाहेर जातात, एवढंच त्याला कळतं. ती उणीव बोरलँड कंपनीनं आपल्या पद्धतीनं भरली. त्यात गैर काही नव्हतं. पण हीच सी भाषा, असं पोरांच्या पिढ्यांनी धरून चालणं महागात पडलं.

कॉनिओ वापरणारा टर्बोचा प्रोग्रॅम लिनक्सवर त्या ओळीलाच अडतो : फाइल सापडत नाही. ती ओळ काढा, क्लिअरस्क्रीन आणि गेटसीएच काढा. मेन म्हणजे प्रोग्रॅम जिथून सुरू होतो ते फंक्शन. तिथं काहीच परत न करणाऱ्या 'व्हॉइड मेन'च्या जागी 'इंट मेन' लिहा, शेवटी रिटर्न शून्य. सी म्हणून कंपाइल केलं तर जीसीसी व्हॉइड मेन खपवून घेतो. सी प्लस प्लस म्हणून दिलं की सरळ नाकारतो.

आता जीसीसीवर आलो म्हणजे मानकावर आलो का? नाही.

[दृश्य : प्रतवारीचा 'स्विच', म्हणजे आकड्यानुसार वाट निवडणारा प्रोग्रॅमचा तुकडा. 'केस 1 ... 5' या ओळीवर कॅमेरा जवळ.]

एक ते पाच क्रमांकाची पोती एका प्रतीत टाकायची म्हणून इथं 'केस एक, तीन टिंबं, पाच' असं लिहिलंय. टिंबांच्या दोन्ही बाजूंना जागा सोडलीय, ती सोडावीच लागते. नाहीतर कंपायलर ते सगळं मिळून एकच विचित्र संख्या समजतो. ही सोय जीसीसीची. क्लँग हा आणखी एक कंपायलरही ती मानतो, मायक्रोसॉफ्टचा कंपायलर मानत नाही. जीसीसीला काही सांगितलं नाही तर तो 'ग्नू' वळणाची सी घेतो, म्हणजे मानक अधिक स्वतःची भर. त्यामुळे हे बोलून दाखवत नाही.

त्याला बोलतं करायला दोन पर्याय द्यायचे : 'एसटीडी बरोबर सी11', म्हणजे 2011 चं मानक धर, आणि 'पेडँटिक-एरर्स', म्हणजे मानकाबाहेरचं दिसलं की चूक दाखव. तीन टिंबांवर लगेच चूक दाखवतो. पण पोत्यांच्या संख्येवर बेतलेला ॲरे, म्हणजे कप्प्यांची रांग, ज्याची लांबी प्रोग्रॅम चालताना ठरते, त्यावर गप्पच राहतो. तो 1999 च्या मानकात आला, 2011 मध्ये ऐच्छिक झाला, आणि मायक्रोसॉफ्टनं तो घेतलाच नाही. तिथं मॅलॉक हे लागेल तेवढी मेमरी मागणारं फंक्शन वापरायचं.

[दृश्य : हरिपूर. हळद साठवायचं जमिनीतलं पेव.]

या पर्यायांनी दुसरंच काही तुटतं. हरिपूरच्या पेवात किती हळद मावेल याचा अंदाज काढायला, पेव गोल धरून, गणितातला पाय (π) लागतो. 'एम पाय' हा पायचा तयार स्थिरांक काल चालत होता, आज कंपायलर म्हणतो, ओळखत नाही. तो सीच्या मानकात कधीच नव्हता, युनिक्सच्या बाजूनं आलेला. कडक मानक मागितलं की लिनक्सची हेडर फाइल तो झाकून ठेवते. आपला स्थिरांक आपणच लिहावा, हे सगळ्यात सोपं.

'स्ट्रडप' जास्त घातक. शेतकऱ्याच्या नावाची प्रत काढणारं हे फंक्शनही तसंच झाकलं जातं. पेडँटिक-एरर्स न देता नुसतं सी11 मागितलं, तर जीसीसी 14 च्या आधीच्या आवृत्त्या फक्त इशारा देऊन पुढं जातात आणि फंक्शन इंट परत करतं असं गृहीत धरतात. प्रत मेमरीत कुठं आहे तो 64 बिटांचा पत्ता 32 बिटांत कापला जातो. छपाईच्या वेळी प्रोग्रॅम कोसळतो, आणि शोधणारा छपाईच्या ओळीतच शोधत बसतो. इशारे वाचायचे असतात ते यासाठी.

कंपनीची सोय हवीच असेल, तर ती एका हेडर फाइलमध्ये मॅक्रोआड, म्हणजे आपण दिलेल्या टोपणनावाआड, ठेवावी, म्हणजे कंपायलर बदलला तरी तेवढीच फाइल उघडावी लागते. कंपायलर ओळखताना क्लँगची चौकशी आधी करावी, कारण तो स्वतःला जीसीसी म्हणूनही सांगतो.

कधीकधी अशा सोयी मानकात येतातही. एखाद्या गोष्टीचा प्रकार काढून देणारा जीसीसीचा 'टाइपऑफ' कित्येक वर्षं बाहेरच होता. सी23 मध्ये तो आत आला, आणि ते मानक आयएसओनं प्रसिद्ध केलं 2024 मध्ये. स्ट्रडपलाही त्यातच जागा मिळाली. फंक्शनच्या पोटात फंक्शन लिहायची जीसीसीची सोय मात्र अजून बाहेरच आहे, आणि ती क्लँगसुद्धा मानत नाही.