चिठ्ठीवरचा पासवर्ड

बर्डीजवळच्या एका कॉलेजची लायब्ररी. मे महिन्यातलं नागपूरचं ऊन, आत कूलर घरघरतोय, अन् कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर ताई पीएचडीचे प्रबंध अपलोड करून राहिल्या आहेत.

ताई आधी देवघेव काउंटरला होत्या. डीस्पेस, म्हणजे प्रबंध साठवून ऑनलाइन दाखवणारं सॉफ्टवेअर, सांभाळणारे सर रिटायर झाले, जाताना चिठ्ठीवर पासवर्ड लिहून दिला, झाल्या ताई ॲडमिन. हे डीस्पेस अमेरिकेतल्या एमआयटी अन् एचपी कंपनीनं मिळून बनवलं, २००२ पासून फुकट मिळतं, आपलं शोधगंगा, म्हणजे देशभरातल्या पीएचडी प्रबंधांची साइट, पण त्याच्यावरच चालतं.

आता कस्टमाइज म्हटलं की सगळ्यांना आधी लोगो अन् रंग सुचतात. ते होईल हो. आम्ही मदतीला गेलो तेव्हा ताईंचं अडत होतं प्रबंध भरायच्या फॉर्मवर. लेखकासाठी दोन रकाने, आडनाव वेगळं, नाव वेगळं, पण लेबल इंग्रजीत, मग कोणी उलटं भरतं, कोणी एकाच रकान्यात 'प्रा. डॉ.' सकट सगळं कोंबतं, अन् लेखकांच्या यादीत एकच देशपांडे तीनदा दिसतात, तीन वेगळी माणसं असल्यासारखे.

(स्क्रीन जवळून)

ही सबमिशन-फॉर्म्स नावाची एक्सएमएल फाइल, फॉर्ममध्ये कोणते रकाने दिसायचे ते हीच ठरवते. सातव्या आवृत्तीच्या आधी हिचं नाव इनपुट-फॉर्म्स होतं. यात प्रत्येक रकान्याला लेबल असतं अन् एक हिंट असते, त्या हिंटमध्ये आम्ही साध्या मराठीत लिहिलं, 'आधी आडनाव. डॉ., प्रा. लिहू नका.' फाइलची कॉपी ठेवली, टॉमकॅट, म्हणजे डीस्पेस चालवणारा सर्व्हर, रिस्टार्ट केला, बस.

दुसरी गोष्ट जरा धाकधुकीची. चिठ्ठीतला पासवर्ड अख्ख्या साइटचा. डुप्लिकेट समजून एक कलेक्शन, म्हणजे प्रबंधांचा अख्खा गट, डिलीट झालं होतं, सोबत आतले प्रबंध पण गेले, बॅकअप होता म्हणून निभावलं. आता ताई त्यांच्या कलेक्शनपुरत्याच ॲडमिन, अन् त्यांना सांगून ठेवलंय की शंका आली तर विथड्रॉ करा, म्हणजे नोंद नुसती लपवा, ते परत आणता येतं, डिलीट केलेलं नाही येत.

अन् हे बघा, लिंकमध्ये १२३४५६७८९. हा काही आपला नंबर नाही, इन्स्टॉल करताना येणारा नमुना आहे, कोणी बदललाच नाही. खरा हँडल प्रीफिक्स, म्हणजे लिंकमधला आपल्या संस्थेचा नंबर, घेऊन लोकल डॉट सीएफजी या सेटिंगच्या फाइलीत टाकायचा अन् जुन्या नोंदींसाठी अपडेट-हँडल-प्रीफिक्स ही कमांड चालवायची, हे काम बाकी आहे. सेटिंग करायची ती लोकल डॉट सीएफजीतच, मूळ डीस्पेस डॉट सीएफजीत हात घातला की पुढच्या अपग्रेडला सगळं पुन्हा करत बसा.

ताई स्क्रीनवरून नजर न हटवता विचारतात, "मार्गदर्शकाचा रकाना लेखकाच्या खालीच घेता येते काय? दरवेळी खाली शोधावं लागते."

येते ना. फाइलमधला त्या रकान्याचा अख्खा तुकडा उचलायचा, वर चिकटवायचा.

"मग तेवढं करून द्या, तोवर मी चहा सांगते."